वरच्या पट्टीतला गणपती

९ ऑगस्ट १९९९, सोमवार. सांगली

आजपासून वही लिहायची. पुढे लोक विचारतील, सुरुवात कशी केलीत, तेव्हा नोंदी हाताशी असाव्यात.

सुरुवात कुपवाडला व्हावी हा विनोदच आहे. पुण्यात मी चांगल्या कंपनीत होतो. तिथल्या साहेबांना माझी झेप पेलली नाही. निरोपाच्या पत्रात त्यांनी 'सहकाऱ्यांचं ऐकून घेत नाहीत' असं कारण दिलं. ऐकण्यासारखं कोणी बोललं असतं तर ऐकलं असतं. आता मी स्वतःच्या हिमतीवर इंटरनेटवरची पानं बनवणार.

तर गिऱ्हाईक नंबर एक, कृष्णात. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा हळद शिजवायच्या आणि पॉलिश करायच्या यंत्रांचा कारखाना आहे. लष्करात हवालदार होता, आता कारखानदार संघटनेचा अध्यक्ष आहे. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. इंटरनेट म्हणजे टीव्हीचा मोठा भाऊ अशी त्याची समजूत. मला म्हणाला, "हे बगा निमिषराव, चोवीस ऑक्टोबरला आमची बैठक हाय. आमी अडतीस कारखानदार हाय. तवर तुमच्या पानावरनं मला एक गिऱ्हाईक आलं, तर अडतीसच्या अडतीस पानं तुमची. न्हाई आलं तर रामराम."

एक गिऱ्हाईक. मी हसू दाबलं. सगळं जग पान उघडून बघणार आणि हा एक मागतोय.

वाईला फोन केला. वडिलांनी आनंद दाखवला नाही. वह्यापेनांच्या दुकानावर हे गंगाधरपंत बसलेत तोवर जगात बाकी काही घडतच नाही. "दिवाळीपर्यंत बघ, नाहीतर दुकानात ये," एवढंच बोलले. मी शाळकरी पोरांना खोडरबर देत बसणार नाही. ते शक्यच नाही.

१३ ऑगस्ट, शुक्रवार

पहिलं पान तयार. मध्यभागी फिरणारा पिवळा गोळा, त्यातून उलगडणारी अक्षरं, 'परंपरा आणि भविष्य यांचा संगम'. सगळा मजकूर मी चित्र म्हणून बसवलाय, त्यामुळे अक्षर हवं तसं वळतं. यंत्रांचे फोटो दुय्यम ठेवले. ती यंत्रं दिसायला गंजक्या पिंपांसारखी आहेत, त्याला मी काय करणार?

कृष्णातने दोनच सूचना केल्या. एक, यंत्राचं नाव ठळक लिहा. त्याला समजावलं की नाव लिहिणं जुनं झालं, आता भावना विकायच्या. दुसरी सूचना अशी, "वर श्री पायजे. वही असो, लग्नाची पत्रिका असो, श्रीबिगर आमच्यात काय सुरू हुत न्हाई."

माझ्या पिवळ्या गोळ्याच्या डोक्यावर 'श्री' बसवायचा? डोकं चालवलं. प्रत्येक पानाला आतून एक शीर्षक द्यावं लागतं. ते पानात दिसत नाही, खिडकीच्या अगदी वरच्या पट्टीवर बारीक अक्षरांत येतं. तिथे कोणी बघत नाही. तिथे लिहून टाकलं, 'श्री गणेश प्रसन्न'. कृष्णातला ती पट्टी दाखवली. त्याने हात जोडले. दोघांचं समाधान झालं आणि कलेला धक्का लागला नाही.

२० ऑगस्ट, शुक्रवार

पान जगासमोर गेलं. कंप्युटरपुढे नारळ फोडला, पाणी कीबोर्डवर उडालं. सर्च इंजिनांना पत्ता कळवला. त्यांचं यंत्र आठवड्याभरात नाहीतर महिन्याभरात येऊन पान वाचून जातं आणि आपल्या यादीत घालतं, मग कोणीही शोधलं की आपण सापडतो.

कारखान्याच्या ऑफिसात विजयमाला नावाच्या बाई आहेत. पस्तिशीच्या, माहेर मलकापूरचं, येतात लुनावर. टायपिंग, फोन, चहा, सगळं त्याच बघतात. त्यांनी विचारलं, "सर, ते यंत्र येऊन वाचणार म्हणजे नक्की काय वाचणार? चित्रातली अक्षरं त्याला वाचता येतात का?"

टायपिस्ट बाईंना तंत्रज्ञान समजावत बसायला माझ्याकडे वेळ नाही. "त्याची काळजी तुम्ही करू नका," म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि फोन घेतला. फोन आला की त्या एका लांबड्या रजिस्टरात काहीतरी खरडतात. कृष्णातची लष्करी शिस्त: बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे उतरवायचे, आपल्या पदरचं घालायचं नाही. आजच्या पानावर मी डोकावलो. 'हळद घासायचं पिंप आहे का.' 'टर्मरिक पॉलिशिंग ड्रम, रोज दहा पोती.' 'तो ढोल, ज्यात हळद फिरवतात.' असली अडाणी भाषा जपून ठेवायला रजिस्टर लागतं.

७ सप्टेंबर, मंगळवार

पानाच्या तळाशी भेट देणाऱ्यांचा आकडा मोजणारं यंत्र बसवलंय. आज २१४. तपासणीसाठी मी उघडतो तेव्हाही तो वाढतो, पण तपासणीही करावीच लागते.

गिऱ्हाईक नाही.

१६ सप्टेंबर, गुरुवार

पहिली ई-मेल. परदेशातून. कृष्णातला ऑफिसात बोलावून त्याच्यादेखत उघडली. मॉरिशसमधल्या कोणा गृहस्थांनी विचारलं होतं की आपल्या मंदिरात अभिषेक परदेशातून सांगता येईल का, आणि प्रसाद पोस्टाने येतो का.

कृष्णात पडद्याकडे वाकला. "आपलं मंदिर कवा झालं?" म्हणाला.

गणपतीचे दिवस आहेत, लोकांना भक्तीचा पूर येतो, कुठेही लिहितात. मी तसं सांगितलं.

१८ सप्टेंबर, शनिवार

बाईंनी आगाऊपणाची हद्द केली. अर्ध्या दिवसाची रजा काढून त्या गावातल्या सायबर कॅफेत गेल्या, तासभर बसल्या आणि कागद छापून घेऊन आल्या. तो माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "सर, मी गिऱ्हाईक होऊन बघितलं. टर्मरिक पॉलिशिंग मशीन असं टाकलं. आपण कुठंच नाही. मग श्री गणेश टाकलं. आपण आहोत. सतराव्या नंबरला, वर एक देऊळ, खाली एक देऊळ."

कागद बघितला. यादीत आमच्या पानाचं नाव म्हणून वरच्या पट्टीतलंच छापलं होतं.

"फायलीच्या पाठीवर जे लिहिलंय त्यावरनंच माणूस फाईल काढतो ना," बाई म्हणाल्या. "आपल्या फायलीच्या पाठीवर गणपती आहे. आत बघावं तर नुसती चित्रं. त्याला कसं कळणार आपण हळदीचे आहोत?"

म्हणजे हे सगळं आता बॉक्स फायलीवर आलं. मी म्हणालो, "बाई, हे शास्त्र आहे." पण कृष्णात ऐकत होता. मला उपाय शोधावा लागेल, आणि तो बाईंच्या डोक्यातला असणार नाही.

२० सप्टेंबर, सोमवार

उपाय सापडला, आणि तो माझ्या लायकीचा आहे. लोक सगळ्यात जास्त काय शोधतात? क्रिकेट, गाणी, नट्यांचे फोटो. हेच शब्द पाचशे वेळा पानाच्या तळाशी लिहिले, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत. माणसाला दिसत नाहीत, यंत्र वाचतं. शब्दच पाहिजेत ना त्याला? घे म्हणावं शब्द.

४ ऑक्टोबर, सोमवार

आकडा ३,१०६. मी जिंकलो.

ई-मेल एकोणीस. सोळा जणांना गाणी हवीत, दोघांना फोटो. एकाने शिवी दिलीय, हळदीच्या पिंपाचा फोटो दाखवून फसवल्याबद्दल. कृष्णातला मी आकडा दाखवला, तर तो म्हणाला, "ह्यातल्या किती जणांच्या रानात हळद हाय?"

अशा माणसाशी वाद घालायचा तरी कुठून?

मग त्याने हुकूम सोडला. "विजयमालाताईस्नी दोन पानं द्या. त्या सांगतील तसंच लिवायचं. लपवाछपवी काढून टाका. वीस दिस राहिल्यात."

"आणि श्री?" मी टोमणा मारला.

"देवाला आत घ्या, फोटोत. दारावरच्या पाटीवर धंद्याचं नाव असतंया. माजीच चूक झाली ती."

आपली चूक चारचौघांत अशी सहज कबूल करून टाकायची, याला शिस्त म्हणत नाहीत. मी त्याच्या जागी असतो तर नसती केली.

६ ऑक्टोबर, बुधवार

बाईंनी रजिस्टरं आणली, तीन वर्षांची. प्रत्येक यंत्राला लोक काय म्हणून फोन करतात, ते मोजून काढलंय. सगळ्यात जास्त वेळा आलेलं नाव पानाच्या शीर्षकात. 'टर्मरिक पॉलिशिंग ड्रम, कुपवाड, सांगली.' बस. तेच पानाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत. खाली चार ओळी: किती पोती, किती वेळात, मोटर केवढी, वजन किती. फोटोला मी 'चित्र१' असं नाव दिलं होतं, तिथे यंत्राचं नाव घालायला लावलं. फोटो उघडला नाही तर त्या जागी काय दिसतं, हेही त्यांनी विचारलं. काही दिसत नाही म्हटल्यावर तिथेही वर्णन लिहायला लावलं. 'येथे क्लिक करा' काढून 'हळद शिजवण्याचा बॉयलर' असं केलं. म्हणाल्या, "येथे म्हणजे कुठं, ते वाचणाऱ्याला कळायला हवं."

इतका रटाळ मजकूर मी जन्मात लिहिला नव्हता. एका यंत्राला एक पान, आणि पानावर यंत्राबद्दलच लिहायचं. चौथीतला मुलगा लिहील. मी एकही शब्द बदलला नाही, मुद्दाम. पडेल तेव्हा त्यांचंच पडू दे. सर्च इंजिनांना पत्ता पुन्हा कळवला.

१८ ऑक्टोबर, सोमवार

खंडेनवमी. कारखान्यात लेथला, ड्रिलला, वेल्डिंगच्या मशीनला हार. कंप्युटरलाही हार आणि हळदकुंकू. कुंकू स्पेसबारच्या फटीत गेलं, आता तो चिकटतो. कामगार दोनचाक्या धुऊन, नवे शर्ट घालून आले होते. एकाने माझ्या पाया पडायला वाकून विचारलं, "साहेब, आलं का वो गिऱ्हाईक?" पुरा कारखाना वाट बघतोय. यांना दुसरे उद्योग नाहीत.

ई-मेल नाही. सहा दिवस उरले. वडिलांचा फोन आला होता, दुकानातलं मधलं कपाट रिकामं करून ठेवलंय म्हणे, माझ्या सामानासाठी.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

वैताग. ई-मेल नाहीच. दुपारी ऑफिसात एकटाच होतो, बाई बँकेत आणि कृष्णात मिरजेला. मी बैठकीतल्या भाषणाची तयारी करत होतो. 'आकड्यांकडे बघा' असा सूर धरणार आहे.

तेवढ्यात एक म्हातारी दारात. नऊवारी, पायात पुरुषी चपला, हातात पिशवी. उंब्रजहून एसटीने आली होती. नाव बयाबाई.

"बाबा, हळदीचं ते पिंप करत्यात ते हितंच व्हय?"

"आजी, इथे किरकोळ विक्री होत नाही," मी म्हटलं.

"किरकोळ न्हाई रं. आमची समद्यांची मिळून हाय. धाकल्या पोरानं सांगितलं, तितंच जा म्हनून. पोरगा लांब असतो माजा." तिने एक चिठ्ठी टेबलावर ठेवली. शाळेच्या वहीतला कागद, कोणा मुलीच्या अक्षरात लिहिलेलं: टर्मरिक पॉलिशिंग ड्रम कुपवाड सांगली. म्हातारीला मराठी वाचता येत नसेल आणि चिठ्ठी इंग्रजीची.

मी सांगितलं, रविवारी मोठी बैठक आहे, सगळे त्या गडबडीत आहेत, पुढच्या आठवड्यात या, आणि येण्याआधी फोन करा. तिने पाणी मागितलं. मी माठाकडे बोट दाखवलं. पाणी पिऊन, पेला धुऊन पालथा घालून गेली.

आम्ही आंतरराष्ट्रीय चौकशीची वाट बघायची आणि दारात हे. चिठ्ठी कीबोर्डखाली सारली, स्पेसबार थोडा वर येतो तिच्यामुळे.

२३ ऑक्टोबर, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

सकाळी बाई कीबोर्ड पुसत होत्या. चिठ्ठी हातात आली. त्यांनी ती वाचली, मग परत वाचली.

"सर, ही कुठून आली?"

सांगितलं.

"पोरगा लांब असतो म्हणाली? कुठं?"

ते मी विचारलं नव्हतं.

बाई खुर्चीत बसल्या. "सर, फोनवर आजपर्यंत कोणी कुपवाड, सांगली म्हणून यंत्र मागितलेलं नाही. हे शब्द ह्या क्रमानं एकाच ठिकाणी लिहिलेत. आपल्या पानाच्या पट्टीत."

मला ते कळायला वेळ लागला. टाइप करताना ते शब्द मी शंभरदा बघितले होते आणि एका म्हातारीच्या हातात ओळखले नाहीत, कारण ते म्हातारीच्या हातात होते.

"कृष्णातरावांना सांगणार?" मी विचारलं. वाईचं मधलं कपाट डोळ्यांपुढे आलं.

बाईंनी पर्समध्ये चिठ्ठी टाकली, लुना कारखान्यात लावली आणि कोणा कामगाराच्या गाडीवर बसून स्टँडला गेल्या. मी म्हटलंही, "उंब्रजमध्ये बयाबाई म्हणून कशी शोधणार?" तर म्हणाल्या, "हळदवाली, पोरगा परदेशात. असं विचारीन. सापडेल."

२४ ऑक्टोबर, रविवार

बैठक. अडतीस कारखानदार, चिवडा, चहा. कृष्णातने मला उभं केलं. आकड्यांवरचं भाषण मी सुरू केलं तर मागून कोणीतरी म्हणालं, "गिऱ्हाईक आलं का न्हाई एवडंच सांगा." मी म्हणालो, "नाही."

तेव्हा दारातून बाईंचा आवाज आला, "आलंय."

उंब्रजहून सकाळच्या गाडीने परतल्या होत्या, तशाच आल्या. बयाबाईचा धाकटा मुलगा जयराज अमेरिकेत कंप्युटरच्या कामाला असतो. आईची यंत्राची धडपड त्याला माहीत होती. त्याने तिथे बसून शोधलं, तर पहिल्याच यादीत कुपवाड. घरापासून दोन-अडीच तासांवर कारखाना, आणि तो म्हातारीला अमेरिकेवरून कळला. फोनवर पोराने शब्द सांगितले, नातीने लिहून घेतले. अकरा घरांनी मिळून एक ड्रम आणि एक बॉयलर घ्यायचं ठरवलंय. माघात हळद निघायच्या आत पाहिजे.

कृष्णात म्हणाला, "मग बयाबाई हितं का न्हाई आली?"

मी भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला.

"आली होती," बाई म्हणाल्या. "कोणी नव्हतं. निमिष सरांनी चिठ्ठी ठेवून घेतली, म्हणून पत्ता लागला."

टाळ्या पडल्या. काही माझ्यासाठीही होत्या. अडतीस पानांचा ठराव झाला, त्यात एक ओळ जास्त: मजकूर आणि शीर्षकं विजयमालाताई ठरवतील, निमिषराव पानं बांधतील.

निघताना मी बाईंना विचारलं, "खोटं का बोललात?"

"मला पानं बांधता येत नाहीत. तुम्ही वाईला गेलात तर ही अडतीस कोण बांधणार?" मग म्हणाल्या, "बयाबाई तुमची चौकशी करत होत्या. म्हणाल्या, तिथं दारावर बसवलेलं पोरगं लय कावलेलं होतं, त्याला वेळेवर जेवायला देत नाहीत वाटतं."

माझा राग अनावर झाला. दारावरचं पोरगं. संगणकशास्त्राची पदविका आहे माझी. वसाहतीतून बसथांब्यापर्यंत चालत आलो आणि तेवढ्यात राग उतरला. मागे राहिली ती लाज. म्हातारीला मी बसा म्हटलं नव्हतं.

२५ ऑक्टोबर, सोमवार

दहा वाजता बाईंच्या टेबलासमोर. त्यांनी नवं रजिस्टर आखलंय, एकेका कारखान्याला एक पान. त्यांचं टोकदार पेन्सिलींचं वेड मला सहन होत नाही. अक्षर चांगलं आहे, हे मान्य.

अडतीस नावं लिहून झाल्यावर त्यांनी एकोणचाळिसावं पान उघडलं.

"तुमचंही एक पान लागेल, सर. पुढच्यांना तुम्ही सापडायला हवेत." पेन्सिल टेकवून त्यांनी वर बघितलं. "तुम्ही काय करता? एका ओळीत सांगा. ज्याला गरज आहे तो तुम्हाला काय म्हणून शोधेल?"

मी तोंड उघडलं. 'दृष्टी', 'भविष्य', 'झेप' असे शब्द जिभेवर आले. असं कोण शोधेल, याचा विचार केला. कोणीच नाही. बाई थांबल्या होत्या, घाई नव्हती त्यांना. फोन वाजला, त्यांनी घेतला, बोलणाऱ्याचे शब्द उतरवले, ठेवला आणि परत त्या पानावर आल्या.

"लिहा," मी म्हणालो. "लहान कारखान्यांची पानं बांधून देतो. सांगली."

त्यांनी लिहिलं, आणि वाचून दाखवलं.